कल्पनेतल्या डोंगरांची उंची किती?



फँटसी कादंबरी हातात घेतली, पहिलं पान उलटलं, की समोर काय येतं? नकाशा! वेडावाकडा किनारा, एक घनदाट जंगल, दोन-तीन नद्या, आणि मधोमध त्रिकोणांची एक लांबच लांब रांग. ते त्रिकोण म्हणजे डोंगर. ड्रॉईंगच्या वहीत आपण सगळ्यांनीच असे डोंगर काढलेत. फक्त आपल्या डोंगरांमधून सूर्य उगवायचा आणि खाली झोपडी असायची, एवढाच काय तो फरक.

आता एक साधा प्रश्न. त्या त्रिकोणाची उंची किती? तीनशे मीटर की तीन हजार? त्यावरून बैलगाडी जाईल का? पलीकडच्या गावातून त्याच्या माथ्यावरची मशाल दिसेल का? नकाशाकडे याचं काहीच उत्तर नसतं, कारण तो त्रिकोण म्हणजे 'इथे डोंगर आहे' एवढं सांगणारी पाटी आहे. 

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला. मुलींच्या होस्टेलमध्ये आम्ही सहा जणी दर रविवारी रात्री एक रोल-प्लेइंग गेम खेळतो. एक कल्पित राज्य, प्रत्येकीचं एक पात्र, फासे, चिवडा आणि भरपूर भांडणं! राज्याचा नकाशा सांभाळणं हे खातं माझ्याकडे. (कॉन्व्हेंटवालीचं मराठी आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं सांभाळून घ्या.) वर्षभर हे खातं सांभाळल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: कल्पनेतल्या डोंगराला खरी उंची दिली, की नकाशा आपल्याशी बोलायला लागतो आणि कधी कधी आपल्याला नको ते उत्तर देतो. ही उंची कॉम्प्युटरवर कशी द्यायची, ते या लेखात सांगते. सॉफ्टवेअर बहुतेक सगळी फुकटातली आहेत, आणि होस्टेलमधला जुना लॅपटॉपही चालतो.

त्रिकोणापासून रेषेपर्यंत

आधी थोडा इतिहास. (घाबरू नका, ओरलला विचारणार नाहीत.)

पूर्वीच्या नकाशांत डोंगर खरोखरच असे बाजूने पाहिल्यासारखे काढायचे. गंमत बघा, नद्या आणि रस्ते वरून पाहिलेले, आणि डोंगर मात्र समोरून! मग १७९९ मध्ये योहान गेओर्ग लेहमान नावाच्या सॅक्सनीतल्या लष्करी अधिकाऱ्याने उताराच्या दिशेने बारीक रेघा मारायची शिस्तशीर पद्धत मांडली. उतार जितका तीव्र तितक्या रेघा जाड. सैन्याला याचा मोठा उपयोग, कारण तोफ कुठून चढेल ते लगेच कळतं. पण नेमकी उंची तरीही कळत नाही.

उंची सांगणारी रेषा म्हणजे आपली कॉन्टूर, शाळेच्या भूगोलातली समोच्च रेषा. तिची गोष्ट मला फार आवडते. १७७४ मध्ये नेव्हिल मॅस्केलाईन या शास्त्रज्ञाने स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन नावाच्या डोंगराजवळ ओळंबा लावून, डोंगराच्या ओढीने तो किती कलतो हे मोजलं. उद्देश काय, तर पृथ्वीची घनता काढायची! त्यासाठी आधी डोंगराचं आकारमान हवं. ते काम चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आलं. त्याच्यासमोर उंचीच्या आकड्यांचा ढीग होता. त्याने समान उंचीचे बिंदू रेषेने जोडले, आणि डोंगराचा आकार कागदावर दिसू लागला. समुद्राच्या आणि नद्यांच्या खोलीसाठी अशा रेषा डच लोकांनी त्याआधीच वापरल्या होत्या, पण डोंगरावर त्या चढल्या त्या डोंगराचं वजन काढायला. म्हणजे आपण सेकंड इयरच्या सर्व्हेला उन्हात स्टाफ धरून उभं राहतो ना, त्याचे मूळपुरुष हे!

फँटसीवाल्यांनीही हे ओळखलं होतं. टॉल्किनने आधी नकाशा काढला आणि मग गोष्ट त्यात बसवली, असं त्याने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलंय. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा खंड १९५५ मध्ये आला, त्यात गोंडोर-मॉर्डोर भागाचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा आहे. तो त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने काढला, आणि त्यात चक्क कॉन्टूर आहेत. कारण उघड आहे. त्या खंडात पात्रं पायी डोंगर ओलांडतात आणि दिवस मोजतात. तिथे त्रिकोण पुरत नाहीत.

डोंगर म्हणजे आकड्यांचा तक्ता

आता कॉम्प्युटरकडे वळू. इंकार्नेट किंवा वंडरड्राफ्टसारखी नकाशाची सॉफ्टवेअर आहेत. त्यात डोंगराचं तयार चित्र उचलायचं आणि स्टिकरसारखं चिकटवायचं. नकाशा सुंदर दिसतो, पण तो पुन्हा त्रिकोणच, फक्त नटवलेला.

उंची हवी असेल तर आधी 'हाईटमॅप' करावा लागतो. नाव भारी, पण प्रकार सोपा. आपला देश म्हणजे चौकटींचा एक कागद. प्रत्येक चौकटीत एक आकडा, तो म्हणजे तिथली उंची. बस्स! हा तक्ता चित्र म्हणून उघडला तर काळा-करडा-पांढरा दिसतो. काळं म्हणजे सगळ्यात खाली, पांढरं म्हणजे सगळ्यात वर.

आमचं राज्य १००० किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद आहे. त्याच्या मी २००० × २००० चौकटी केल्या. म्हणजे एक चौकट ५०० मीटरची, आणि एकूण चौकटी ४० लाख. ऐकायला भयंकर वाटतं, पण प्रत्येक आकड्याला दोन बाईट धरले तरी फाईल ८ एमबीच्या आसपास. एका गाण्याएवढी!

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण नवीन माणसाचा गोंधळ हमखास इथेच होतो. साधं चित्र ८ बिटचं असतं. त्यात करड्या रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. आपला सर्वांत उंच डोंगर ६००० मीटर धरला तर एक पायरी जवळजवळ साडेतेवीस मीटरची झाली. मग हळुवार उताराच्या जागी जिना दिसतो, जणू साऱ्या राज्यात कुणी भातखाचरं काढून ठेवलीत. म्हणून फाईल पहिल्यापासून १६ बिटची ठेवायची. त्यात ६५,५३६ पायऱ्या असतात, आणि तोच डोंगर साधारण ९ सेंटीमीटरच्या पायऱ्यांत बसतो. जेपीजीत तर चुकूनही सेव्ह करू नका. ती फाईल लहान करण्याच्या नादात आकडेच बदलते. पीएनजी किंवा टिफ वापरा.

आधी सांगाडा, मग खडबडीतपणा

हाईटमॅप बनवायचे दोन टोकाचे मार्ग आहेत. एक, सगळं हाताने रंगवायचं. दोन, सगळं कॉम्प्युटरवर सोडायचं. माझा अनुभव असा की मधला रस्ता बरा.

सांगाडा हाताने काढा. गिम्प उघडा, १६ बिटचं करडं चित्र घ्या, आणि मऊ कडेच्या ब्रशने मुख्य डोंगररांगा ओढा. रांग म्हणजे एकसारखी भिंत नव्हे हं! तिच्यात खिंडी हव्यात, मुख्य धारेपासून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या सोंडा हव्यात, आणि सोंडांच्या मध्ये घळी. आपल्या कॉलेजातल्या ट्रेकर मंडळींना हे शब्द सांगायला नकोत. मग चित्र थोडं ब्लर करा.

आता हे सगळं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत दिसेल. खडबडीतपणा आणायला 'नॉईज' मिसळायचा. त्याची कथाही ऐका. केन पर्लिन हा 'ट्रॉन' या १९८२ च्या चित्रपटाच्या ग्राफिक्सवर काम करत होता. कॉम्प्युटरवरची प्रत्येक वस्तू फार यांत्रिक आणि चकचकीत दिसते, हे त्याला खटकलं. त्यातून त्याने एक गणिती पद्धत शोधली आणि १९८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिलाच पर्लिन नॉईज म्हणतात. १९९७ मध्ये त्याला यासाठी ऑस्करवाल्या अकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. गणिताला ऑस्कर! एम-थ्रीवाल्यांनी नोंद घ्यावी.

पद्धत अशी: आधी १००० मीटरचे मोठे, लांब-लांब चढउतार घ्या. त्यावर निम्म्या अंतरावर येणारे ५०० मीटरचे. त्यावर आणखी जवळजवळ येणारे २५० मीटरचे. असं पाच-सहा थर करा आणि बेरीज करा. निसर्गातही डोंगरावर टेकाड, टेकाडावर खडक आणि खडकावर खडबड असतेच की.

एक छोटी युक्ती सांगते. हा नॉईज सगळीकडे सारखा टाकला तर पूर्ण देश चुरगळलेल्या कागदासारखा दिसतो. म्हणून तो मूळ उंचीच्या प्रमाणात टाका. डोंगरात जास्त, मैदानात अगदी थोडा. भातशेतीचं मैदान सपाट राहायलाच हवं, नाहीतर तुमची प्रजा खाणार काय?

पाण्याला विचारा

इथपर्यंत पुष्कळ जण येतात, आणि मग नकाशावर हौसेने निळी रेघ मारून नदी काढतात. थांबा! नदी आपण काढायची नसते. उंची ठरली की नदी ठरलेलीच असते, आपण ती फक्त शोधायची.

शोधायची कशी? प्रत्येक चौकटीला आठ शेजारी असतात. त्यांपैकी ज्याच्याकडे सर्वांत तीव्र उतार असेल त्याच्याकडे या चौकटीचं पाणी जाणार. हा नियम प्रत्येक चौकटीला लावा. ओ'कॅलहॅन आणि मार्क यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात. मग मोजायचं, की कोणत्या चौकटीतून वरच्या किती चौकटींचं पाणी वाहतंय. जिथे हा आकडा ५०० च्या वर गेला तिथे मी नदी दाखवते. माझ्या चौकटीच्या हिशेबाने हे १२५ चौरस किलोमीटरचं पाणलोट क्षेत्र झालं. एवढं आकडेमोडीचं काम क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर आणि त्याच्यासोबत येणारं ग्रास काही मिनिटांत करतं.

पण पहिल्यांदा चालवलं की नद्या वाटेतच गडप होतात. कारण नॉईजने जमिनीत हजारो खड्डे करून ठेवलेले असतात. खऱ्या जमिनीवर असे बंद खड्डे फार कमी. पाणी लाखो वर्षं एक तर ते गाळाने भरत आलंय किंवा त्यांची कड फोडून बाहेर पडलंय. अपवाद असतात, जसं आपलं लोणार. तिथून पाणी बाहेर पडत नाही, कारण ते विवर उल्केच्या आघाताने झालंय. तुमच्या राज्यात असा अपवाद हवा असेल तर जरूर ठेवा, पण मग त्याचं कारणही ठेवा. बाकी खड्डे बुजवायची सोय क्यूजीआयएसमध्ये आहे. जो स्लेटन यांचं विल्बर नावाचं फुकट सॉफ्टवेअर तर खास याच कामाचं. ते खड्डे बुजवतं, वाहत्या पाण्याने दऱ्या कोरतं, पावसाच्या थेंबांनी डोंगर झिजवतं. ही झीज दोन-तीनदा करून बघा. नॉईजच्या ढिगाऱ्यातून सोंडा आणि घळी आपोआप उमटू लागतात, आणि तो क्षण बघण्यासारखा असतो.

सगळं झाल्यावर हे तपासा:

नद्या एकमेकींना मिळतात, पण वाटेत फुटून दोन दिशांना जात नाहीत. अपवाद मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशाचा.

तळ्याला पाणी आणणाऱ्या नद्या कितीही असोत, बाहेर पडायची वाट सहसा एकच असते, आणि ती काठाच्या सर्वांत खालच्या जागेतून.

नदी जलविभाजक ओलांडत नाही.

कॉन्टूर नदी ओलांडताना इंग्रजी 'व्ही'सारखी वाकते, आणि त्या व्हीचं टोक उगमाकडे असतं.

'दाखवायचं कसं' हा पुढचा प्रश्न

आकडे तयार झाले. आता ते डोळ्यांना दिसायला हवेत. त्यासाठी तीन थर एकावर एक ठेवायचे.

पहिला थर रंगांचा. अॅटलासमध्ये असतो तसा, खाली हिरवा, मग पिवळा, मग तपकिरी, शिखरांना पांढरा. यात एक धोका आहे. बघणाऱ्याला हिरवा म्हणजे झाडी वाटते. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीपेक्षा ४०० मीटरहून जास्त खाली आहे. या पद्धतीने तो गर्द हिरवा येईल, आणि प्रत्यक्षात ते वाळवंट! म्हणून तुमच्या राज्यात खोलगट वाळवंट असेल तर हिरव्याऐवजी फिकट मातकट रंग घ्या.

दुसरा थर सावल्यांचा, म्हणजे हिलशेड. एका काल्पनिक सूर्याचा प्रकाश टाकायचा आणि प्रत्येक चौकटीचा उतार त्या प्रकाशाला किती सामोरा आहे त्यावरून ती उजळ की गडद ते ठरवायचं. जीडीएएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा सूर्य मुळात वायव्येला, क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो. वायव्येलाच का? आपल्या डोळ्यांना प्रकाश वरून, त्यातही डावीकडून येतो असं मानायची सवय असते. तोच सूर्य आग्नेयेला नेऊन बघा. डोंगरांच्या जागी खड्डे दिसायला लागतात आणि नद्या धारेवरून वाहताना दिसतात! स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी या छायांकनात आयुष्य घातलं. १९६५ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक आजही या विषयातलं मुख्य पुस्तक मानलं जातं.

सावलीसाठी उंची थोडी वाढवून सांगावी लागते. हिशेब करा. १००० किलोमीटरचं राज्य २० सेंटीमीटर कागदावर आणलं तर ३ किलोमीटर उंचीचा डोंगर कागदावर ०.६ मिलिमीटरचा होतो. त्याची सावली ती काय पडणार? म्हणून हिलशेड करताना उंचीला पाचाने किंवा दहाने गुणायचं. पण फक्त हिलशेडपुरतं. मूळ आकड्यांना हात लावायचा नाही.

तिसरा थर कॉन्टूरचा. पूर्ण राज्याच्या नकाशाला २०० मीटरचं अंतर पुरतं. एखाद्या खोऱ्याचा मोठा नकाशा असेल तर २० मीटर. रेषा दाट झाल्या की चढ, विरळ झाल्या की पठार, आणि सगळ्या एकमेकींना चिकटल्या की कडा.

खरी जमीन समोर ठेवा

कल्पनेतलं रंगवायला खरं बघावं लागतं. फेब्रुवारी २००० मध्ये 'एन्डेव्हर' यानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजली. तो एसआरटीएमचा डेटा आज ३० मीटरच्या चौकटीत फुकट मिळतो. आपल्या इस्रोने २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ वरून तयार केलेला उंचीचा डेटाही आहे.

क्यूजीआयएसमध्ये सह्याद्रीचा तुकडा उघडा. (एसआरटीएमच्या चौकटी अंशांत असतात आणि उंची मीटरमध्ये, म्हणून आधी तो यूटीएममध्ये बदलून घ्या. पश्चिम महाराष्ट्राला झोन ४३ उत्तर लागतो. नाहीतर हिलशेड विचित्र येईल.) मग पश्चिमेकडून पूर्वेकडे एक रेघ ओढून जमिनीचा छेद काढा. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना थोड्या अंतरात साडेपाचशे मीटरच्या आसपास चढ, आणि तिथून पुढे पूर्वेला शेकडो किलोमीटर हळूहळू उतार. फँटसी नकाशात रांग दोन्ही बाजूंना सारखी उतरते. खरी रांग अशी एका अंगावर कलंडलेली असू शकते.

आणि म्हणूनच कृष्णेचं कोडं सुटतं. ती महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर उगम पावते, आणि त्याकडे पाठ फिरवून सुमारे १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. फँटसी नकाशात कुणी अशी नदी काढली तर आपण म्हणू, काहीतरीच! पण उंचीचे आकडे समोर असले की यात काहीच चमत्कार उरत नाही.

६४० की ६२०?

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

आमच्या खेळातल्या राणीने ठरवलं की पूर्वेकडच्या कोरड्या मैदानाला पाणी द्यायचं. त्यासाठी एका चिंचोळ्या घळीत धरण बांधायचं. त्रिकोणांचा नकाशा असता तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. एक आडवी रेघ, मागे एक निळा ठिपका, आणि टाळ्या! पण आमच्याकडे उंची होती. मी त्या खोऱ्याचा ५० मीटर चौकटीचा वेगळा नकाशा केला होता. राणीने धरणाची पूर्ण संचय पातळी ६४० मीटर सांगितली. मी घळीत भिंत घातली आणि मागच्या बाजूने ६४० च्या खालच्या, एकमेकींना जोडलेल्या सगळ्या चौकटी निळ्या केल्या.

तळं २८ चौरस किलोमीटरचं झालं. पाणी दोन बाजूच्या ओढ्यांतून आत-आत शिरलं, जिथे ते जाईल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्या खोऱ्यात आम्ही मागच्या सहा महिन्यांत नऊ गावांना नावं दिली होती. त्यातली चार पाण्याखाली गेली. एक गाव तर एका पात्राच्या आईचं होतं.

तळ्याचा काठ म्हणजे दुसरं काही नाही, ६४० ची कॉन्टूर. आपण परीक्षेत 'पूर्ण संचय पातळीची समोच्च रेषा म्हणजे बुडीत क्षेत्राची हद्द' असं एक मार्काला लिहून मोकळे होतो.

आमच्यातली एक जण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमचं जुनं गाव असंच एका रेषेच्या खाली गेलं." तिच्या आजोबांचं गाव धरणात गेलेलं. घरी अजूनही 'जुनं गाव' आणि 'नवं गाव' असंच बोलतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या देवळाचा कळस दिसतो, आणि आजी तो बघायला जाते. तिचे एक चुलत आजोबा त्याच गावात वरच्या अंगाला राहायचे. त्यांचं घर रेषेच्या वर राहिलं, आणि शेत खाली गेलं. "रेघ घराच्या अंगणातून गेली होती गं," ती म्हणाली, "रेघेला काय कळतं."

मग तिने विचारलं, "६२० केलं तर?"

६२० करून बघितलं. तळं १७ चौरस किलोमीटरवर आलं. चारपैकी तीन गावं वाचली. पण वरच्या २० मीटरच्या थरात जवळपास ४५० दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १६ टीएमसी पाणी होतं. ते गेलं, आणि साठा निम्म्याहूनही कमी उरला. पूर्वेच्या मैदानात आम्ही दुष्काळाने रिकामी झालेली गावंही दाखवली होती, तीही अकरा. आता त्यांचं काय? रात्री एकपर्यंत वाद चालला. राणी म्हणे ६४०, आमची मैत्रीण म्हणे ६२०, आणि मैदानातलं पात्र खेळणारी म्हणे, "माझ्या लोकांना कुणी विचारणार आहे की नाही?" शेवटी धरण ६२० चं झालं. मैदानातल्या अकरापैकी पाचच गावांना पाणी मिळालं. त्यावरून आमच्यात अजूनही धुसफूस आहे.

फाशांनी हा प्रश्न सुटला नसता, आणि निळ्या ठिपक्याने तो उभाच राहिला नसता. उंचीचे आकडे असल्यामुळे प्रत्येक मीटरला कुणाचं तरी घर जोडलेलं दिसलं. आपल्यापैकी बरेच सिव्हिलवाले उद्या खऱ्या नकाशांवर खऱ्या रेषा काढणार आहेत. मला वाटतं, एकदा तरी अशा खोट्या राज्यात ती रेष वर-खाली करून बघावी. तिथे कुणाचं नुकसान होत नाही, पण हिशेब तोच असतो.

सुरुवात करायची असेल तर

एक रिकामा रविवार पुरतो. ज्यांना आधी फक्त चव घ्यायची आहे त्यांनी अझगारचं फँटसी मॅप जनरेटर ब्राऊझरमध्ये उघडावं. ते मुक्त आहे, आणि त्यात उंची ० ते १०० अशी मांडलेली असते. २० च्या खाली समुद्र, २० पासून जमीन. उंची बदलली की नद्या कशा बदलतात ते समोर दिसतं.

मग हा क्रम ठेवा. गिम्पमध्ये सांगाडा, त्यावर नॉईज, विल्बरमध्ये झीज, क्यूजीआयएसमध्ये नद्या, कॉन्टूर आणि सावली. गावं, रस्ते, किल्ले आणि त्यांची नावं सगळ्यात शेवटी, कारण गाव पाण्याजवळ वसतं, रस्ता खिंड शोधतो, आणि किल्ला दोन्हींवर नजर ठेवतो. फाईल १६ बिटची, आणि मूळ प्रत वेगळी सांभाळून ठेवलेली.

क्यूजीआयएस किंवा विल्बर इन्स्टॉल करताना काही अडलं तर मुलींच्या होस्टेलच्या रीडिंग रूममध्ये चिठ्ठी ठेवा. शनिवारच्या आत उत्तर मिळेल. रविवारी मात्र आम्ही कामात असतो. मैदानातल्या उरलेल्या सहा गावांसाठी कालवा कुठून काढायचा, ते अजून ठरायचंय.